चाळीस ग्रॅमचा पेशंट

आमच्या घरात अंड्याचा तवा वेगळा आहे. तो बाल्कनीत कुंडीमागे पालथा पडलेला असतो आणि सासूबाई त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं करतात. अशा या घरातून एका रविवारी नवरा आणि आमची लेक सई जुन्या बाजारात पितळी अडकित्ता आणायला गेले आणि परतीच्या वाटेवर एका टोपलीवाल्याकडून कोंबडीची रंगवलेली पिल्लं घेऊन आले. हिरवी, जांभळी आणि एक गुलाबी. अडकित्ता राहिलाच.

हिरव्या-जांभळ्यांनी खोक्यात लगेच संसार थाटला. गुलाबीचे मात्र पाय फाकले. एक कात्रजकडे, दुसरा खडकीकडे आणि पोट मधल्या मध्ये स्वारगेटला टेकलेलं. उठायला गेलं की दोन्ही गाड्या आणखी पुढे सरकायच्या.

पहिल्या मजल्यावरच्या काकांची उभी हयात लोणी काळभोरकडच्या पोल्ट्रीत गेली. त्यांनी पिल्लाकडे पाहिलंच नाही, आधी खोक्याचा तळ पाहिला. "पेपर कोणी घातला?"

नवरा लगेच गॅस बंद आहे का ते बघायला आत गेला.

गुळगुळीत कागदावर पिल्लाची नखं धरत नाहीत. पाय सरकतात, आणि त्या वयात सगळं इतकं कोवळं असतं की वेळीच आवरलं नाही तर पाय कायमचे फेंगडे राहतात. खाली भाताचं तूस हवं, नाहीतर निदान खरखरीत फडकं. काकांच्या हुकमावरून आमच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला टर्किश टॉवेल खोक्यात गेला. पाहुण्यांना आता पंचा.

तरी एकदा डॉक्टरांना दाखवू म्हटलं. प्राण्यांच्या दवाखान्यात आमच्या शेजारी एक लॅब्रॅडॉर बसला होता, त्याचा नुसता कान आमच्या पेशंटपेक्षा मोठा. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म काढला.

"पेशंटचं नाव?"

"अजून ठेवलं नाही."

"ब्रीड?"

"गुलाबी," सई म्हणाली.

वजनकाट्यावर ठेवलं तर काटा शून्यावरून हललाच नाही. शेवटी घरी येऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलं. चाळीस ग्रॅम. लोण्याचं मापसुद्धा आम्ही यापेक्षा ढिलाईने घेतो.

डॉक्टरांनी मात्र पाच मिनिटं ते पाय बोटांत धरून तपासले. घोट्यामागची शीर, म्हणजे स्नायूचा दोर, जागेवर होती. ती घसरली असती, आणि मँगनीज कमी पडलं की ती घसरते, तर पट्टी बांधून फार काही साधलं नसतं. बोटं मुठीसारखी आत वळलेली नव्हती, म्हणजे बी-टू जीवनसत्त्वाचीही तक्रार नाही. मी घाबरत घाबरत मरेक्सचं, म्हणजे कोंबड्यांचे पाय लुळे पाडणाऱ्या रोगाचं विचारलं, कारण रात्री मोबाइलवर नको तेवढं वाचलं होतं. "तो इतक्या लहानपणी पाय धरत नाही," ते म्हणाले, "तुम्ही झोपत जा." उपचार काय, तर बँड-एडची उभी बारीक पट्टी कापून दोन्ही पाय पोटाखाली नेहमीच्या अंतरावर बांधायचे. बेडी म्हणा ना.

सांगायला सोपं आहे. नवऱ्याने पिल्लू धरलं, मी पट्टी. तो पाय इतका बारीक की पट्टीला तो सापडेना, माझा अंगठा मात्र पहिल्या फटक्यात सापडला. पिल्लाचा आवाज त्याच्या वजनाशी अजिबात सुसंगत नव्हता. अंतर जास्त झालं, मग कमी झालं, मग नवऱ्याची करंगळी पिल्लाला बांधली गेली.

सासूबाई कोपऱ्यात फुलवाती वळत होत्या. बराच वेळ सहन केलं त्यांनी. मग म्हणाल्या, "दे इकडे." डाव्या तळव्यावर पिल्लू उताणं, उजव्या अंगठ्याने एक वळसा, दुसरा वळसा, झालं. पिल्लू गप्प. लगेच उठून त्यांनी आंघोळ केली.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, पिल्लाला हात लावला की साबणाने हात धुवा, साल्मोनेला नावाचा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. आपल्या सोवळ्याला पशुवैद्यकीय पाठिंबा मिळाल्यावर सासूबाईंना जो आनंद झाला, तो आमच्या लग्नातही झाला नव्हता.

मग सुरू झालं तापमानप्रकरण. पहिल्या आठवड्यात ३५ अंश, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. बाहेर पुण्याचा डिसेंबर, आम्ही दोन-दोन गोधड्यांत, आणि खोक्यात मे महिना. पिल्लं बल्बखाली गठ्ठा करून बसली की थंडी वाजतेय, कडेला जाऊन चोच उघडी टाकली की उकडतंय. ही भाषा घरात इतकी रुजली की नवरा चहा मागायचा, तेव्हा आम्ही आधी तो कुठे बसलाय ते बघायचो. गुरुवारी वीज गेली. नवऱ्याची कंबर शेकायची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवली, कंबर तशीच राहिली.

बाकीची टोचतात म्हणून गुलाबीला वेगळं ठेवावं, तर एकटेपणाने ते टाहो फोडायचं. काकांनी उपाय सांगितला: आरसा. माझा हातातला आरसा गेला. तेव्हापासून मी ऑफिसला फ्रिजच्या दारात बघून टिकली लावते. पेशंट मात्र आरशातल्या सोबत्याला टेकून झोपतो आणि पाण्याच्या ताटलीतले खडे टोचत बसतो. खडे अशासाठी की तोल जाऊन बुडू नये.

पट्टी सुटली तेव्हा गुलाबी उभं होतं. डुलत, पण उभं. अख्ख्या बिल्डिंगने बघून घेतलं. कुकरच्या शिट्ट्यांवरही नोटीस लावणारे आमचे सेक्रेटरी रोज वाटीभर ज्वारीची कणी घेऊन येऊ लागले.

काकांनी मला जिन्यात गाठलं. आवाज खाली आणून म्हणाले, "एक सांगतो. अंड्यांच्या जातीतले नर हॅचरीला नको असतात. अंडी देत नाहीत, मांसही धरत नाहीत. रंगवून बाजारात येतात ते बहुतेक तेच." मी वर येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या फुलवात वळत राहिल्या.

संध्याकाळी सेक्रेटरी आले. कणी दिली, पिल्लाला तळहातावर घेतलं. "काय मग, अंडी कधीपासून?"

"चार-पाच महिन्यांनी बघा," सासूबाई म्हणाल्या, "पहाटे पहाटे. तुम्हाला आमच्याकडून कळवायलाच नको, झोपेतच कळेल."