जीभ कुठे लावायची ते सांगा

इंग्लंडच्या यॉर्कशर भागातल्या लीड्समध्ये एका रुग्णालयात मी फार्मासिस्ट आहे. नोकरीतल्या पहिल्या हिवाळ्यात वॉर्डातून फोन आला, एका रुग्णाचा प्रेडनिसोलोनचा डोस विचारायला. मी म्हणाले, 'फिफ्टीन मिलिग्रॅम.' इथे ऐकलेला आकडा परत म्हणून दाखवायची पद्धत आहे, तशी नर्स म्हणाली, 'फाइव्ह झीरो, बरोबर?' माझ्या हाताला घाम सुटला. हे औषध 15 मिलिग्रॅमही देतात आणि 50ही, त्यामुळे नुसता आकडा ऐकून कुणाला शंका आली नसती. 'वन फाइव्ह, वन फाइव्ह' असं दोनदा सांगितलं, तिच्याकडून वदवून घेतलं आणि मगच फोन ठेवला.

नंतर कळलं की 'फिफ्टीन' म्हणताना इथली माणसं जोर 'टीन'वर देतात आणि 'फिफ्टी' म्हणताना पहिल्या 'फिफ्'वर. मी दोन्ही शब्दांत पहिल्यावरच देत होते. फोनवर शेवटचा 'न' विरून गेला की उरतं काय?

बाहेरच्या देशांतून आलेल्या आम्हा काही जणांसाठी आठवड्यातून एक तास उच्चारांची शिकवणी होती. पहिल्याच दिवशी बाईंनी कागदाची बोटभर रुंद पट्टी माझ्या ओठांसमोर धरली आणि 'पेन' म्हणायला सांगितलं. पट्टी हलली नाही. त्यांनी म्हटलं तेव्हा ती फडफडली. शब्दाच्या सुरुवातीचा 'प' इंग्रजीत श्वासाचा झोत घेऊन येतो, आपला 'प' कोरडा असतो, म्हणून त्यांच्या कानाला माझं 'पेन' 'बेन' वाटतं. 'ट' आणि 'क'चंही तसंच. मला एकदम 'फळ' आठवलं. ओठ मिटून म्हटलेला आपला अस्सल 'फ'! तो मनात धरून 'पेन' म्हटलं आणि पट्टी हलली. जे मला शिकायचं होतं ते माझ्याच भाषेत होतं, प-फ-ब-भ असं ओळीने मांडून ठेवलेलं.

त्या संध्याकाळी बसमध्ये मला रडू आलं, कारण पुण्याचं वसतिगृह आठवलं. मी लातूरची. 'काय करायलीस?' असं विचारलं की खोलीतल्या मुली हसायच्या. 'पानी', 'लोनी', 'कोन' हे तर रोजचंच. एका तासाला सरांनी मला उभं करून 'आणि' हा शब्द तीनदा म्हणायला लावला. तिन्ही वेळा तो 'आनि'च निघाला, वर्ग हसला आणि मी खाली बसले. पुढची चार वर्षं वर्गात तोंड उघडलं नाही. बोलायची वेळ आलीच तर वाक्य भरभर उरकायचं आणि शेवटचे शब्द गिळायचे, म्हणजे कुणाच्या ते ध्यानात येणार नाही. लीड्सला आले ती हीच खोड घेऊन. बाईंनी माझं सगळ्यात जास्त काम घेतलं ते याच्यावर: वाक्य संपेपर्यंत आवाज टिकव, मग थांब, समोरच्याकडे बघ.

आपल्याकडे 'ण' आणि 'न'चा वाद दर काही महिन्यांनी पेटतो. एक बाजू म्हणते, उच्चार शुद्ध हवेत, भाषा नासली. दुसरी म्हणते, ही मूठभरांची दादागिरी आहे, जशी येते तशी बोला. दुसऱ्या बाजूचा राग मला मनापासून पटतो, तो मी भोगलेला आहे. पण 'जशी येते तशी बोला' म्हणून मुलाखतीला निघालेल्या मुलीच्या हातात काही पडत नाही. आणि पहिल्या बाजूला माझा प्रश्न आहे: 'ण' हवा ना, मग शिकवलात का? 'ण' मूर्धन्य आहे. जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावायचं, 'ट'ला लावतो तिथेच. पाच मिनिटांचं काम. आपली वर्णमालाच कंठापासून ओठांपर्यंत तोंडातल्या जागांप्रमाणे लावलेली आहे. इतकं नेमकं ज्ञान पहिलीच्या पुस्तकापासून हाताशी असताना मला बारा वर्षांच्या शाळेत जीभ कुठे लावायची हे कुणी सांगितलं नाही. सगळ्यांनी फक्त चुकली म्हणून सांगितलं.

2019मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं संख्यावाचन आलं तेव्हाही असंच झालं. मुलांना जोडाक्षरी संख्यानामं जड जातात, हा गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचा मुद्दा होता. उलट बाजूने भाषा बुडाल्याची ओरड झाली. ऐकणाऱ्याचा विचार त्या गदारोळात हरवला. माझे बाबा फोनवर 'सदुसष्ट' म्हणाले की मी अजूनही विचारते, 'सहा सात की सहा आठ?' आणि ते न चिडता एकेक आकडा सांगतात.

इथे सगळं आलबेल आहे असं मला म्हणायचं नाही. याच यॉर्कशरच्या हॅलिफॅक्सचे विल्फ्रेड पिकल्स 1941मध्ये बीबीसीवर बातम्या वाचू लागले, तर त्यांच्या गावाकडच्या उच्चारांवरून तक्रारी आल्या. उच्चारावरून माणूस जोखणं इथेही संपलेलं नाही. पण माझ्या विभागात 'बस'ला 'बुस' म्हणणाऱ्या लीड्सच्या बाईला कुणी अडवत नाही, आणि डोस सांगताना मात्र तिलाही 'वन फाइव्ह' म्हणावंच लागतं. तिचा उच्चार तिच्यापाशी राहतो आणि आकडा पलीकडे नीट पोचतो. या दोन गोष्टी इतक्या सहज वेगळ्या ठेवता येतात हे मी तिच्याकडे बघून शिकले.

माझी भाची सातवीत आहे. वक्तृत्व स्पर्धेचं पाठ केलेलं भाषण तिने परवा व्हिडिओ कॉलवर म्हणून दाखवलं, एका दमात, घंटा व्हायच्या आत संपवायच्या घाईने. मग हळूच विचारलं, "मावशी, 'पानी' म्हटलं तर मार्क जातील का गं?" मी म्हटलं, जातील कदाचित, म्हणून जीभ कुठे लावायची ते आधी दाखवते. घरी आजीशी बोलताना 'पानी'च म्हण, ते आपलंच आहे. तिने तोंड उघडून कॅमेऱ्यासमोर जीभ मागे वळवली. तिसऱ्या खेपेला 'ण' आला. मग मी तिला वहीचा कागद फाडून आणायला सांगितलं.