फुकट ते फुकटच? : दुकानवाल्या दादांच्या कमेंटला उत्तर

दादा, तुमची कमेंट वाचली, राग बाजूला काढला तर त्यात कामाचं बरंच काही आहे, म्हणून खाली दोन ओळी खरडण्यापेक्षा सविस्तर लिहितोय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी म्हटलं होतं की घरच्या विंडोज ११ च्या मशीनला विंडोजसोबत फुकट येणारा डिफेंडर हा अँटिव्हायरस पुरतो, दरवर्षी दुसऱ्या अँटिव्हायरसची 'की' (पैसे देऊन मिळणारा, वर्षभर चालणारा कोड) घ्यायची गरज नाही. त्यावर कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान असलेले हे दादा म्हणतात की लोकांची दिशाभूल करू नका, फुकट ते फुकटच, माझ्या एका फोटो स्टुडिओवाल्या गिऱ्हाईकाचे लग्नसराईचे सगळे फोटो लॉक झाले तेव्हा तुमचा डिफेंडर हाताची घडी घालून बसला होता. आणि वर, आपली पुण्याची कंपनी सोडून अमेरिकेची भलामण कशाला.

पुण्याचं आधी उरकतो. पुण्याच्या क्विक हील या अँटिव्हायरस कंपनीचं मलाही कौतुक आहे, रहिमतपूरकडचा माणूस कॅल्क्युलेटर रिपेअर करत करत धंद्यात येतो आणि धाकटा भाऊ व्हायरस काढायचं टूल लिहितो, काटकर बंधूंची ही गोष्ट कुणालाही आवडेल अशीच आहे. पण ते साल बघा ना, १९९५. फ्लॉपीतून व्हायरस यायचे आणि विंडोजकडे स्वतःचं असं काहीही नव्हतं, त्यामुळे अँटिव्हायरस विकत घ्यावाच लागायचा. २०१२ ला विंडोज ८ आलं तेव्हापासून तो आतच बसवलेला येतो. पहिली काही वर्षं तो यथातथाच होता, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य, पण लोकांच्या डोक्यात त्याचं तेव्हाचंच नाव बसलंय. आता अँटिव्हायरस तपासणाऱ्या जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट या संस्थेच्या चाचण्यांत तो नेहमी वरच्या रांगेत असतो, विकतच्या अँटिव्हायरसच्या बरोबरीने. मग कंपनी पुण्याची असो की आणखी कुठली, घरात जे आधीच आहे तेच परत विकत का घ्यायचं एवढाच माझा प्रश्न आहे.

आता तुमचा स्टुडिओवाला. मला पहिली शंका येते ती ही की त्याच्याकडचं फोटोशॉप कुठून आलं होतं? रागावू नका, तुम्हीही दुकानात बसता, तुम्हाला माहितीये मी काय म्हणतोय. क्रॅक, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर फुकटात चालवायची चोरीची फाइल, डाउनलोड केला की सोबत एक टेक्स्ट फाइल येते आणि त्यात पहिलीच सूचना असते, आधी अँटिव्हायरस बंद करा. लोक करतात बंद. बरेचदा तर विंडोजच ॲक्टिव्हेटर (न विकत घेतलेलं विंडोज चालू करणारा प्रोग्रॅम) मारून टाकलेलं असतं आणि तो ॲक्टिव्हेटर चालावा म्हणून डिफेंडर पहिल्याच दिवशी गप्प केलेला असतो, मशीनच्या मालकाला पत्ताही नसतो. घरगुती मशीनवर सगळ्यात जास्त धुमाकूळ घातलेलं स्टॉप नावाचं रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, आहे ना, ते मुख्यतः अशा क्रॅकमधूनच पसरलं. फोटोच्या नावापुढे भलतीच चार अक्षरं चिकटतात, फोल्डरमध्ये रीडमी नावाची फाइल पडते आणि त्यात लिहिलेलं असतं की ९८० डॉलर द्या, ७२ तासांच्या आत बोललात तर निम्मे, ४९०. तुमच्या गिऱ्हाईकाकडे असंच काही होतं का? असेल तर दादा, तिथे क्विक हील असतं तरी त्याने तेही बंद केलंच असतं, कारण फाइलमध्ये लिहिलं होतं बंद करा. तो दरवाजा आतून उघडलेला होता, त्याला महागडं कुलूप लावून काय फायदा.

तरी तुमच्या बाजूने एक सांगतो. डिफेंडरमध्ये कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस म्हणून एक सोय आहे, अनोळखी प्रोग्रॅमला तुमच्या फोटोंच्या, डॉक्युमेंटच्या फोल्डरमध्ये लिहूच देत नाही, अगदी रॅन्समवेअरसाठीच केलेली, पण मायक्रोसॉफ्टने ती मुळात बंद ठेवलीये. विंडोज सिक्युरिटीत जा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, अगदी खाली रॅन्समवेअर प्रोटेक्शन, तिथे चालू करायची. चालू केल्यावर पहिले काही दिवस वैताग येतो, एखादा गेम किंवा जुनं सॉफ्टवेअर सेव्हच करत नाही, मग त्याला हाताने परवानगी द्यावी लागते. पैसेवाले अँटिव्हायरस असल्या गोष्टी बरेचदा आधीपासून चालू करून देतात. सेटिंगमध्ये हात घालायला जो घाबरतो त्याच्यासाठी हा फरक खरा आहे. आणि फोटोंची एक कॉपी वेगळ्या हार्ड डिस्कवर, जी काम झाल्यावर काढून कपाटात ठेवायची. लावूनच ठेवली तर तीही लॉक होते. ही डिस्क नसेल तर दोन्ही अँटिव्हायरस सारखेच.

"फुकट ते फुकटच" यावर मात्र मी अर्धा तुमच्या बाजूला आहे. मी फक्त डिफेंडरबद्दल बोलत होतो, नेटवरून उतरवलेल्या कुठल्याही फुकट अँटिव्हायरसबद्दल नाही. अवास्ट या फुकट मिळणाऱ्या अँटिव्हायरसचं काय झालं आठवत असेल. लोक कुठल्या साइटवर जातात, काय शोधतात तो सगळा डेटा त्यांची जम्पशॉट नावाची कंपनी विकत होती, २०२० च्या सुरुवातीला भांडं फुटलं तेव्हा जम्पशॉट बंद केली आणि २०२४ मध्ये एफटीसीने, म्हणजे अमेरिकेतल्या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी आयोगाने, १ कोटी ६५ लाख डॉलरचा दंड ठोकला. व्हायरसपासून वाचवायला घेतलेला माणूसच घरातल्या गप्पा बाहेर विकत होता. पण पैसे भरले की सगळं सोवळं असंही नाही हं, नॉर्टन ३६० हा अँटिव्हायरस तर पैसे देऊन घ्यायचा, तरी २०२१ मध्ये त्यात क्रिप्टो मायनर (तुमचं मशीन राबवून क्रिप्टोचलन कमावणारा प्रोग्रॅम) आणून ठेवला होता, चालवायचा की नाही हे तुमच्यावर पण चालवला तर १५ टक्के कमिशन त्यांचं.

आणि एक गोष्ट जी तुमच्या कमेंटमध्ये नाही पण तुमच्या दुकानात रोज येत असणार, विंडोज १०. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लोक विचारतात की आता चांगला पेड अँटिव्हायरस टाकला की चालेल ना? गंमत म्हणजे व्हायरसच्या ओळखीचे अपडेट डिफेंडरलाही तिथे २०२८ पर्यंत मिळणार आहेत, अडचण ती नाहीच. विंडोजमध्येच नवीन भोक सापडलं तर ते बुजवणार कोण? वॉनाक्राय हे जगभर पसरलेलं रॅन्समवेअर आठवा, मे २०१७. ते भोक बुजवणारा अपडेट मार्चमध्येच आला होता, ज्यांनी टाकला नाही ते सापडले. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आलं, त्यात तेच भोक वापरलं होतं आणि आपल्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीचं टर्मिनल ठप्प झालं. एवढ्या मोठ्या कंपनीकडे काही फुकटातला अँटिव्हायरस नसणार. त्यामुळे विंडोज १० वाल्या गिऱ्हाईकाला की विकण्याआधी मायक्रोसॉफ्टचे जादा वर्षाचे अपडेट चालू करून द्या, सेटिंग सिंक चालू ठेवलं तर पैसेही पडत नाहीत.

मग पेड घ्यावा कुणी? माझ्या मते झेरॉक्सवाल्याने. घरातच दुकान असतं, तोच कॉम्प्युटर, दिवसभर पोरांचे पेनड्राइव्ह लागतात, कुणाचा प्रोजेक्ट कुणाचा सातबारा, आणि शॉर्टकट व्हायरस तर ठरलेलाच, फोल्डरच्या जागी नुसते बाण, पोरगं रडकुंडीला येतं की माझ्या फाइली उडाल्या, खरं तर त्या तिथेच लपवलेल्या असतात. अशा ठिकाणी नेट बरेचदा बंद असतं आणि डिफेंडर नेटवर बराच अवलंबून आहे, ऑफलाइन असताना त्याची पकड ढिली पडते, हे चाचण्यांतही दिसतं. तिथे पेनड्राइव्ह लावल्या लावल्या स्कॅन करणारा पेड अँटिव्हायरस मीसुद्धा सुचवीन. दुसरे म्हणजे ज्यांची मुलं पुण्या-मुंबईला किंवा बाहेरदेशी आहेत असे आईवडील, त्यांना काही अडलं की फोन उचलणारा माणूस हवा. पण तो माणूस दादा तुम्हीच आहात, कीचे नाही तर तुमच्या वेळेचे पैसे घ्या की, मी तर म्हणतो जास्त घ्या.

फक्त त्यांना हेही सांगा की पोलिसाच्या वेषात व्हिडिओ कॉल करून डिजिटल अरेस्टची धमकी देणारा किंवा बँकेतून बोलतोय म्हणून स्क्रीन शेअर करायला लावणारा कुठल्याच अँटिव्हायरसला व्हायरस म्हणून दिसत नाही. पैसे गेले तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

तुमचा शेवटचा मुद्दा, दोन्ही ठेवले तर काय बिघडतं. दुसरा टाकला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो, त्यामुळे दोन्ही राहतच नाहीत. ज्यांची की अजून चालू आहे त्यांनी आत्ता काढायची काही गरज नाही, वर्ष संपू द्या, फक्त ऑटो रिन्यू बंद करून ठेवा नाहीतर कार्डातून पैसे कटतात. संपल्यावर तो रीतसर अनइन्स्टॉल करा, रीस्टार्ट मारा आणि विंडोज सिक्युरिटी उघडून हिरवी टिक आली का बघा. नवीन लॅपटॉपसोबत आलेल्या ट्रायलचंही तसंच. टिक आली नाही तर मशीन दादांच्याच दुकानात न्या.