राजापुरी का सेलम?

परवा रविवारी सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका हॉलमध्ये आमच्या मातीकामाच्या वर्गाचं प्रदर्शन होतं. मी सात वस्तू मांडल्या, एक विकली गेली. कशी गेली, ते आठवलं की अजून कान तापतात.

एक काका आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, नखांत हळद. माझा मग उचलून त्यांनी माठ घेताना मारतात तशी टिचकी मारली. बद्द वाजला.

"ताई, ह्याला तडा हाय."

"हो काका, ही किन्त्सुगी. जपानमध्ये फुटलेलं भांडं उरुशी झाडाच्या चिकानं सांधतात, वर सोन्याची पूड लावतात. दोष लपवायचा नाही, मिरवायचा."

"म्हंजे घागरीला डाख दिल्यावानी."

"तसंच. फक्त सोन्याचा."

काकांनी सांध्यावरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. "सोनं न्हवं हे. राजापुरी हळदीचा रंग हाय." मग हॉलच्या दुसऱ्या टोकाला हाक मारली, "ओ आण्णा, हिकडं या जरा. राजापुरी का सेलम, बघा!" आण्णा आले. चष्मा कपाळावर चढवून, मग उजेडात धरून म्हणाले, "सेलम." दोघं यार्डातल्या सौद्यासारखे भांडले. मी उभी. मगाचा आकार कसाय, झिलई कशीय, चकार शब्द नाही.

सोनं नव्हतंच म्हणा. ऑनलाइन मागवलेला दोन नळ्यांचा गोंद आणि पितळी पूड. खरी उरुशी दमट हवेत आठवडेच्या आठवडे घट्ट होते. दमट हवा कृष्णाकाठी फुकट आहे, धीर मात्र मागवूनही येत नाही.

आणि काकांवर तरी का चिडू? नऊ महिने वाकडं काही झालं की आमच्या बाई म्हणायच्या, "चूक नाही गं, वाबी-साबी आहे!" आणि एक तारखेला फी घ्यायच्या. वाबी-साबी म्हणजे अपुरेपणातलं सौंदर्य, तेही जपानीच. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू या चहागुरूसाठी चोजिरो नावाच्या कुंभारानं चाकाशिवाय, हातानं वाडगे घडवले. साधे, काळे, किंचित असमान. पण चोजिरोच्या हातात कसब होतं, मग त्यानं ते असमान ठेवले. मला सरळ जमतच नाही, आणि सरळ कसं करायचं ते बाईंनी एकदाही शिकवलं नाही. मीही विचारलं नाही. वाबी-साबी ऐकायला बरं वाटायचं.

"कितीला?"

"साडेचारशे."

"पाणी गळतंय का?"

"थोडं झिरपतं..."

काकांचा चेहरा उजळला. "मग झ्याक! कोरफड लावायचीय. भोक पाडायचं काम वाचलं. शंभर घ्या."

घेतले. वर्तमानपत्रात गुंडाळूनही दिला.

काका आमच्याच मागच्या गल्लीत राहतात, हे काल कळलं. कठड्यावर माझा मग, त्यात कोरफड. सांधलेली बाजू भिंतीकडे फिरवलेली. आत कुणी दिसेना, म्हणून हात लांबवून हळूच रस्त्याकडे वळवला. आज सकाळी बघते तर पुन्हा भिंतीकडे.