पेटीत काय आहे?

"यात काय आहे?" या प्रश्नाचं उत्तर चेक-इन काउंटरवर हळू आवाजात देता येत नाही, हे मला पुणे विमानतळावर कळलं. मी पुढे वाकून, कानगोष्ट केल्यासारखं "रायफल" म्हणालो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, जरा मोठ्यानं." मग मोठ्यानं म्हणालो. मागचे गृहस्थ ट्रॉलीसकट दोन पावलं मागे सरकले. पुण्यात रांगेतला माणूस आपणहून मागे सरकताना मी पहिल्यांदाच पाहिला.

रायफल लेकीची. वय पंधरा, प्रकार 10 मीटर एअर रायफल. निघालो होतो दिल्लीला, तुघलकाबादच्या कर्णी सिंह नेमबाजी रेंजवर, स्पर्धेला. मी फक्त हमाल. एका हातात ती लांबलचक पेटी, दुसऱ्या हातात तिच्या ताठ कॅनव्हासच्या जॅकेट-पँटचं बोचकं. ते घातलं की पोरगी बदकासारखी चालते. एवढा जामानिमा कशासाठी, तर दहा मीटरवरच्या अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यासाठी.

"लायसन्स?"

"लागत नाही. साडेचार मिलिमीटरची आहे, 20 जूलच्या आतली. 2016 च्या शस्त्र नियमांत सूट आहे." हे वाक्य मी रिक्षात तीनदा घोकलं होतं. पण 'जूल' ऐकताच काउंटरवरच्या मुलीचा चेहरा नववीतल्या भौतिकशास्त्राच्या तासाला व्हायचा तसा झाला. तिनं वरिष्ठांना बोलावलं, वरिष्ठांनी त्यांच्या वरिष्ठांना. दर वेळी तोच प्रश्न, तेच जूल आणि तीच फाइल: असोसिएशनचं कार्ड, स्पर्धेचं पत्र, रायफलचं बिल, आधार. सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स.

"गोलियाँ कितनी हैं?" वर्दीतल्या जवानानं विचारलं.

"एक हजार," लेक बोलून गेली.

पाचशेचे दोन डबे. शिशाचे छर्रे, कमरेत चिमटलेले, मसुरीच्या दाण्याएवढे. पण रांगेत फक्त आकडा पोचला. मागचे गृहस्थ आता शेजारच्या रांगेत होते.

मग छर्रा ढकलणारा रायफलचा सिलिंडर. त्यात नुसती हवा, पण 200 बार दाबाची. विमानात न्यायचा तर रिकामा हवा. आम्ही घरी केलाही होता, पण काटा शून्याच्या केसभर पुढे. "खाली करो." लेकीनं काहीतरी फिरवलं आणि फस्सऽऽऽ! कुणाचं तरी बाळ भोकाड पसरून रडायला लागलं. मी चहूकडे वळून हात जोडले, लग्नात पंगत उशिरा बसल्यावर वधूपिता जोडतो तसे.

लेक मात्र ढिम्म. तिनं बोल्ट उघडला, नळीतून आरपार गेलेली केशरी दोरी दाखवली (ती दोन्ही टोकांना दिसली म्हणजे आत छर्रा नाही), पेटीला कुलूप घातलं आणि जांभई दिली. फॉर्मवर अल्पवयीन मुलीची सही चालेना, म्हणून मी केली. एका सहीनिशी सशस्त्र इसम झालो. पेटी एक खास माणूस मिरवत घेऊन गेला. सव्वा तास गेला, पण सुटलो.

सुटलो कसला! पाचच मिनिटांत बोलावणं आलं: "तुमच्या बॅगेत प्रतिबंधित वस्तू आहे." माझ्या बॅगेत. पडद्यावर दोन गोल दिसत होते.

खोबऱ्याच्या वाट्या.

आमच्या सासूबाई कोल्हापूरच्या. तिथल्या कांबळवाडीच्या नेमबाज स्वप्निल कुसाळेनं 2024 ला पॅरिस ऑलिंपिकहून ब्राँझ आणल्यापासून त्यांना त्याचा थ्री पोझिशन (तीन पवित्र्यांतून रायफल मारायचा) प्रकारही पाठ आहे: "आधी गुडघ्यावर, मग पालथं, मग उभं." नातीसाठी त्यांनी अंबाबाईची ओटी भरली आणि प्रसादाच्या वाट्या माझ्या बॅगेत घातल्या. "जावईबापू, काढू नका हं."

"सुकं खोबरं चालत नाही," अधिकारी म्हणाले. "तेल असतं त्यात. पेट घेतं."

"अहो, आत्ता रायफल गेली!"

"रायफल चालते."

प्रसाद कचऱ्यात टाकवेना. बाकावर बसून खायला घेतला. चाकू मागणार होतो, पण त्या जागी चाकू मागणं बरं दिसलं नसतं. शेवटी बाकाच्या लोखंडी कडेवर आपटून वाटी फोडली. दोन तुकड्यांत दाढ दुखायला लागली. जवानाला तुकडा दिला; त्यानं कपाळाला लावून खिशात टाकला. लेकीनं अर्धी वाटी संपवली आणि आजीला फोन करून सांगितलं, "खाल्लं गं आज्जी, सगळं."

तेवढ्यात मागचे ते गृहस्थ शेजारून जाताना थबकले. माझ्या हाताकडे बघत राहिले.

"खोबरं आहे," मी म्हणालो. या वेळी हळू आवाजात.