ज्याच्या नायिकेचं नाव आपण रोज घेतो, तो बाणभट्ट

परवा दुपारी गॅलरीत पुस्तक घेऊन बसले होते. शेजारच्या अक्का सांडगे पालथे करत होत्या. मान वर करून म्हणाल्या, "कादंबरी ओदाकत्तीरेन वैनी?" म्हणजे कादंबरी वाचताय का. म्हटलं, हो अक्का, कादंबरीच. आणि ती पण बाणभट्टाची.

हिंदीत उपन्यास म्हणतात, गुजरातीत नवलकथा. मराठीत आणि कन्नडमध्ये मात्र 'कादंबरी'. सातव्या शतकातल्या एका संस्कृत लेखकाच्या 'कादंबरी' या नायिकेचं नाव आपण असल्या सगळ्या पुस्तकांना देऊन टाकलं. बेळगावात पाट्यांच्या भाषेवरून आयुष्यं गेली माणसांची, पण हा एक शब्द अक्कांच्या घरात आणि माझ्या घरात सारखाच नांदतोय. नागवर्मा या कवीनं दहाव्या शतकाच्या अखेरीला 'कर्नाटक कादंबरी' लिहिली, म्हणजे कन्नडनं ही गोष्ट हजार वर्षांपूर्वीच घरात घेतली. आपण नाव घेतलं आणि माणसाला विसरलो.

मला शाळेत बाण भेटला तो लांबलचक समासांपुरता. विग्रह करा, गुण मिळवा. सगळं जग बाणाचं उष्टं, हेही पाठ करून घेतलं. पण हा गोष्ट सांगणारा माणूस होता, अद्भुत गोष्टीचा आपल्याकडचा फार मोठा कारागीर होता, हे कुणी सांगितलं नाही. याचा मला अजून राग येतो.

गोष्ट काय आहे बघा. विदिशेच्या शूद्रक राजाच्या दरबारात एक चांडाळकन्या पिंजऱ्यातला पोपट आणते. पोपट उजवा पाय उचलून राजाची स्तुती म्हणतो आणि आपली कहाणी सुरू करतो. त्या कहाणीत ऋषी दुसरी कहाणी सांगतात, तिच्यात कादंबरीची सखी महाश्वेता आपली सांगते. शापानं घोडा झालेला मुनिकुमार, माणूस होऊन जन्मलेला चंद्र, प्रियकराचं न कोमेजणारं शरीर जपत बसलेली कादंबरी.

बाणाची स्वतःची कहाणी त्यानंच लिहिलेल्या 'हर्षचरिता'त आहे. शोण नदीकाठचं प्रीतिकूट हे गाव. आई लहानपणीच गेली. वडिलांनी आईच्या मायेनं वाढवलं, आणि चौदाव्या वर्षाच्या सुमाराला तेही गेले. मग पोरगा उधळला. गारुडी, नर्तक, जुगारी, बोलीभाषेत कविता करणारा ईशान, असली मित्रमंडळी घेऊन देशभर भटकला. पुढे हर्ष राजानं बोलावून घेतलं आणि भेटताक्षणी भर सभेत 'हा मोठा छंदीफंदी' म्हणून पाठ फिरवली. बाण गप्प बसला नाही. माझा छंदीफंदीपणा तो कोणता, असं त्यानं राजालाच विचारलं. (याच हर्षाला आपल्या बदामीच्या पुलकेशी राजानं अडवलं. 634 सालच्या ऐहोळेच्या शिलालेखात रविकीर्ती या कवीनं हर्षाचा 'हर्ष' गळाला अशी कोटी केली आहे. बाण तो दगड बघायला आला असता तर चिडला असता, पण कोटीला दाद दिली असती असं मला वाटतं.)

माझा जीव अडकतो तो पोपटाच्या लहानपणात. विंध्याच्या अरण्यात जुनाट सावरीचं झाड. आपल्या खानापूरच्या रानात फेब्रुवारीत लालेलाल होते ना, तीच सावर. तिच्या ढोलीत पिल्लू जन्मतं आणि आई तिथंच मरते. बाप म्हातारा, पंखांत पिसं उरलेली नाहीत, उडवत नाही. शेजारच्या घरट्यांतून खाली सांडलेले दाणे वेचून तो पिल्लाला भरवतो, उरलं तर आपण खातो. एक दिवस शबर शिकारी झाडावर चढतो आणि एकेका ढोलीत हात घालतो. म्हातारा पिल्लाला पंखाखाली घेतो. पकडून मान मुरगळून खाली फेकतात तेव्हाही पिल्लू त्या पंखाखालीच असतं, म्हणून ते वाचतं. वडिलांनी आई होऊन वाढवलेल्या मुलानं लिहिलंय हे, आणि ते कळल्यापासून मला हा भाग मोठ्यानं वाचता येत नाही.

पुस्तक पुरं व्हायच्या आधीच बाण गेला. पुढचा भाग मुलानं लिहिला. सुरुवातीलाच तो म्हणतो की वडिलांबरोबर गोष्टही तुटली, वाचणाऱ्यांना हळहळ लागली म्हणून हाती घेतली, कवित्वाच्या गर्वानं नाही. आणि त्या मुलाच्या भागात शेवटी उलगडतं की पिंजरा घेऊन आलेली ती चांडाळकन्या म्हणजे लक्ष्मी, त्या पोपटाची आधीच्या एका जन्मातली आई.

अक्कांना इतकं सांगेपर्यंत ऊन उतरलं. सांडगे तसेच राहिले. त्या म्हणाल्या, "उद्या परत सांगा, नातीला घेऊन येते."