चुंबकाच्या नावाखाली गोळ्या बंद करायला सांगणारा मेसेज

कोल्हापुरात राजारामपुरीपासून गडहिंग्लजपर्यंत हा मेसेज फिरतोय: "मेंदूला चुंबक लावा, एका बैठकीत दारू कायमची सुटते. औषधं आजच बंद करा. अमेरिकेत मान्यता. धोका शून्य." आमच्या गल्लीतल्या एक काकू तो वाचून काकांच्या गोळ्या थांबवायला निघाल्या होत्या, म्हणून हे लिहायला बसलो.

"औषधं आजच बंद" या तीन शब्दांनी माणूस मरू शकतो. रोज पिणाऱ्याची दारू तुटली की शेवटच्या पेगनंतर साधारण 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी थरथर, भास, वेळकाळाचं भान सुटणं सुरू होऊ शकतं, आणि वेळेत उपचार नसले तर जीवही जाऊ शकतो. म्हणूनच डॉक्टर हा त्रास आवरणारी क्लोरडायझेपॉक्साइडची गोळी देतात (लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम) आणि डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात. सोबत थायमिन (बी1 जीवनसत्त्व), तेही ग्लुकोजच्या सलाईनआधी. आता चुंबकीय उपचाराचा, म्हणजे आरटीएमएसचा, सगळ्यात गंभीर दुष्परिणाम कोणता? फिटच. एरवी ती क्वचित येते. पण दारू नुकतीच सुटलेली, गोळ्या अचानक तोडलेल्या आणि वर मेंदूवर चुंबकाचे ठोके, म्हणजे आपण होऊन फिटेला बोलावणं. नीट काम करणारे पहिल्या दिवशी हाताचा अंगठा जेमतेम हलेल इतकी ताकद शोधून त्यावरून डोस ठरवतात, आणि औषध बदललं की ती पुन्हा मोजतात.

"एका बैठकीत" म्हणे! रांचीच्या केंद्रीय मनोरुग्ण संस्थेतला अभ्यास 2010 साली 'ॲडिक्शन' या नियतकालिकात आला. 45 रुग्ण, 30 जणांना खरा उपचार, 15 जणांना नुसता देखावा. कपाळामागच्या उजव्या भागावर 10 हर्ट्झ, प्रत्येक बैठकीत 4.9 सेकंदांच्या 20 फेऱ्या, अशा 10 बैठका. खऱ्या उपचारवाल्यांची दारूची ओढ कमी झाली, एवढं मान्य करावंच लागतं. पण दारू तुटल्याचा त्रास बऱ्यापैकी ओसरलेले रुग्णच त्यात घेतले होते. ओढ कमी होणं म्हणजे दारू कायमची सुटणंही नव्हे.

अमेरिकेची मान्यता 2008 मध्ये नैराश्यासाठी मिळाली, 2018 मध्ये ओसीडीसाठी (तेच ते विचार आणि कृती थांबवता न येण्याचा आजार), 2020 मध्ये सिगारेट सोडण्यासाठी. दारूसाठी नाही.

"धोका शून्य" हेही खोटं. डोकं दुखतं, टाळू हुळहुळते, मशीनच्या टकटकीमुळे कानात बोळे घालावे लागतात. कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र) किंवा मेंदूत धातूची क्लिप असेल तर मशीनजवळ जायचं नाही. पेसमेकर असेल तर आधीच सांगायचं. शिरोली, उद्यमनगरात ग्राइंडिंग केलेल्यांनी डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, तेही सांगावं.

मेसेजखालच्या लिंकवरचा 'चुंबकीय पट्टा' तर घेऊच नका. मेंदूत विद्युतप्रवाह निर्माण व्हायला झपाट्याने बदलणारं चुंबकीय क्षेत्र लागतं. पट्ट्यातलं चुंबक नुसतं पडून असतं.

आरटीएमएस करायचंच असेल तर आधी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयातल्या किंवा आपल्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. दारूपासून दूर राहायला मदत करणारी नालट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट ही औषधं आणि समुपदेशन यांबद्दल तिथेच विचारा. दारू थांबवल्यावर फिट आली किंवा माणूस बरळू लागला, तर सकाळची वाट न बघता 108 ला फोन करा.