कोमट

इंग्लंडात रेडिंगला आमचा गॅसचा बॉयलर धापा टाकू लागला आणि बायकोला कळलं, की हीट पंपाला, म्हणजे विजेवर बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घर तापवणाऱ्या यंत्राला, सरकार ७,५०० पौंड देतं. फुकट ते पौष्टिक! वरचे आपल्यालाच भरायचे असतात, हा तपशील मागाहून कळला.

बाहेरच्या युनिटसाठी मी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, गटाराच्या जाळीशेजारी झकास कोपरा हेरला होता. फिटरने मान हलवली. आत प्रोपेन हा पेटणारा गॅस आहे, हवेपेक्षा जड. गळला तर जमिनीलगत पसरणार, गटारात उतरणार, नाहीतर खिडकीतून आत येणार. साताऱ्याहून आलेल्या आईला मी हे मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "अरे, सिलिंडरचा वास आला की आपण दार उघडतो, बटणाला हात लावत नाही. यात नवं काय सांगतोय तो?" युनिट मेथीच्या वाफ्यावर गेलं. बायको दोन दिवस बोलली नाही.

वीज कुठून घेणार, असं त्याने विचारल्यावर मी वॉशिंग मशीनच्या सॉकेटकडे बोट दाखवलं. गणिताचे सर बघायचे तसं त्याने बघितलं, आणि थेट मेन बोर्डापासून वेगळी लाइन ओढली.

मग जुन्या रेडिएटरांतलं, म्हणजे खोल्या तापवणाऱ्या भिंतीवरच्या पत्र्यांतलं, पाणी सोडलं. काळंभोर! नुसती येसर आमटी. हा आतला गंज पंपात गेला तर बारीक वाटा बुजतात, म्हणून आधी सगळे पाइप धुवायचे आणि मग चुंबकाची गाळणी बसवायची. चुंबकावरचा लगदा त्याने बोटावर घेऊन दाखवला. थेट काजळाची डबी.

गरम पाण्याच्या टाकीला सेफ्टी व्हॉल्व्ह, त्याची नळी भिंतीतून बाहेर. आईने विचारलं, "किती शिट्ट्या?" मी भाषांतर केलं. तो गंभीरपणे म्हणाला, "एकही नाही. झाली तर मला फोन करा." आठवड्यातून एकदा टाकीतलं पाणी ६० अंशांवर जाणार, जंतू मरायला. आईच्या भाषेत शनिवारचं अभ्यंगस्नान.

पंप सुरू झाला. मी रेडिएटरला हात लावला. कोमट! बॉयलरच्या काळी चटका बसायचा. "बिघडलाय," मी म्हणालो. "रेडिएटर नको, थर्मामीटर बघा," तो म्हणाला. खोली २० अंश. रेडिएटरांत पाणी ४५ अंशांच्या आसपासच फिरणार, म्हणून तर नवे रेडिएटर एवढे थोराड घेतले. एक युनिट विजेत तीनेक युनिटं ऊब मिळते, पण मंद आचेवर; सारखं बंद-चालू करायचं नाही. माझा जन्म बंबात करवंट्या कोंबून धडाधड पाणी तापवण्यात गेलेला. रात्री तीनदा उठून मी रेडिएटर चाचपले.

आठवड्याने तो दाब तपासायला आला. काटा १.२ बारवर, ठीक. मग त्याला बैठकीतल्या रेडिएटरवर टॉवेलात गुंडाळलेला स्टीलचा डबा दिसला. रेडिएटरवर काहीही ठेवायचं नाही, हे त्याने बजावलं होतं. बॉयलरच्या काळात तिथे विरजण लावलं की नुसतं चोथा-पाणी व्हायचं.

आईने झाकण काढलं, डबा उलटा करून दाखवला आणि त्याच्या हातात चमचा दिला.